जुन्या मोटारीला कोणते पेट्रोल मानवते?

मुंबईचा नकाशा उघडा आणि त्यात अँटॉप हिल शोधा. तेथून उत्तरेला गेलात की कुर्ला लागते. पूर्वेला मिठागरे आणि खाडी ओलांडली की माहूल येते. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार तर सहा-सात किलोमीटर अंतरावर आहेत. पण आपल्या देशातील मोटारीची बरीचशी कथा या तीन ठिकाणांत सामावलेली आहे.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून तेथे जी मोटार तयार होई, तिला १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. माहूलला खनिज तेलाचे दोन शुद्धीकरण कारखाने आहेत. एक १९५४ साली सुरू झाला, दुसरा १९५५ साली. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. आणि अँटॉप हिलला, वडाळा ट्रक टर्मिनलजवळ, मुंबई पूर्व विभागाचे प्रादेशिक परिवहन कार्यालय आहे. ज्या गाड्यांच्या पाटीवर ‘एमएच ०३’ लिहिलेले असते, त्या येथे नोंदलेल्या. खाजगी मोटार पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तिला तपासणीला उभे राहावे लागते.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि अँबॅसडर अजून काही घरी आहेत. नव्वदच्या दशकात घेतलेल्या इतर जुन्या मोटारी तर पुष्कळच. अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. पंपावर एक साधे पेट्रोल असते आणि एक महाग पेट्रोल असते. गाडी आता थकली आहे, चढावर धापा टाकते. तेव्हा तिला ‘ताकदीचे’ महाग पेट्रोल पाजावे काय?

आजारी माणसाला टॉनिक द्यावे, तसा हा विचार आहे. तो बरोबर की चूक, हे पाहण्यासाठी आपल्याला इंजिनाच्या आत डोकवावे लागेल.

दाबले की तापते

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. वायू झटकन दाबला की त्याचे तापमान वाढते. पेट्रोल इंजिनात नेमके हेच घडते. दट्ट्या खाली जातो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. दट्ट्या वर येताना ते मिश्रण दाबतो. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला खाली ढकलतात. शेवटी जळालेले वायू बाहेर टाकले जातात. या चार धावांचे चक्र पुन्हा पुन्हा चालते.

दट्ट्या अगदी खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती तो अगदी वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे, या संख्येला संपीडन गुणोत्तर म्हणतात. पद्मिनीच्या मूळ १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात हे गुणोत्तर साधारण साडेसात-आठच्या आसपास होते. आजच्या मोटारींत ते दहा, अकरा किंवा त्याहूनही जास्त असते.

गणित करून पाहा. आत आलेल्या मिश्रणाचे तापमान २७ अंश सेल्सिअस धरले आणि सिलिंडरच्या भिंतींकडे जाणारी उष्णता सोडून दिली, तर साडेसातपट दाबल्यावर तापमान सुमारे ३३० अंशांवर जाते. अकरापट दाबल्यावर ते सुमारे ४२० अंश होते. म्हणजे ठिणगी पडण्यापूर्वीच नव्या इंजिनातील पेट्रोलला जुन्यापेक्षा जवळजवळ ९० अंश जास्त उष्णता सोसावी लागते. गुणोत्तर जितके मोठे, तितके त्याच पेट्रोलातून काम अधिक मिळते. म्हणून इंजिन बनवणारे ते वाढवू पाहतात. पण त्याला एक अडथळा आहे.

खटखट कशाची?

दिवाळीतली लवंगी फटाक्यांची माळ आठवा. वात पेटवली की फटाके एकामागून एक क्रमाने फुटत जातात. आता अशी कल्पना करा, की पुढचे फटाके फुटत असताना त्यांच्या धगीने माळेच्या टोकाचे दहा-पंधरा फटाके आपली पाळी येण्याआधीच एकदम फुटले. केवढा दणका बसेल!

सिलिंडरमध्ये ठिणगीपासून निघालेली ज्योत सेकंदाला वीस-तीस मीटर अशा वेगाने मिश्रणातून पसरते. हे ज्वलन भराभर होते, पण क्रमाने होते. ज्योत पुढे सरकते तसे मागचे तापलेले वायू प्रसरण पावून कोपऱ्यातल्या न जळालेल्या मिश्रणाला आणखी दाबतात. ते आधीच तापलेले असते. पेट्रोल उतावळे असेल तर हे उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप आणि एकदम पेटते. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि बोनेटखालून हातोडीने लोखंडावर टिचकी मारल्यासारखा ‘टिक् टिक्, खट् खट्’ आवाज येतो. गॅरेजमधले मिस्त्री याला ‘नॉकिंग’ म्हणतात. चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो हमखास ऐकू येतो. बराच काळ चालू राहिला तर दट्ट्याचा माथा खरवडला जातो, गॅस्केट जळते, क्वचित दट्ट्याला भोकही पडते.

ऑक्टेन अंक म्हणजे सहनशक्ती

सगळे पेट्रोल सारखेच उतावळे नसते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांपैकी ज्यांच्या रेणूत कार्बनचे अणू एका सरळ साखळीत असतात, ते उष्णतेने लवकर तुटतात आणि आपोआप पेटतात. ज्यांच्या साखळीला फांद्या फुटलेल्या असतात, ते जास्त वेळ तग धरतात.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६ साली याचे मोजमाप सुचवले. सरळ साखळीच्या हेप्टेनला त्यांनी शून्य अंक दिला, तर फांद्या असलेल्या आयसो-ऑक्टेनला १००. समजा, एखादे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात घातले आणि ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच ते खटखटले, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१. त्या पेट्रोलात प्रत्यक्षात आयसो-ऑक्टेन किती आहे, याच्याशी या अंकाचा संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. ऑक्टेन अंक पेट्रोलची ताकद सांगत नाही. तो पेट्रोलची सहनशक्ती सांगतो. एक लिटर साधे पेट्रोल जाळा किंवा एक लिटर जास्त ऑक्टेनचे पेट्रोल जाळा, मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. ज्या इंजिनात पेट्रोलला फारसे सोसावे लागतच नाही, तेथे जादा सहनशक्ती वाया जाते. दोन मजले चढायचे असताना गिर्यारोहकाला हमाल म्हणून लावण्यासारखेच ते!

एक गंमत सांगून ठेवतो. अमेरिकेत पंपावर साध्या पेट्रोलवर ८७ हा आकडा दिसतो आणि आपल्याकडे ९१. यावरून आपले पेट्रोल सरस असे समजू नका. आपल्याकडे एकाच चाचणीचा अंक सांगतात. अमेरिकेत ती चाचणी आणि दुसरी अधिक कडक चाचणी यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडचे ८७ आणि आपले ९१ साधारण एकाच योग्यतेचे असतात.

शिशाची महाग शिकवण

ऑक्टेन अंक वाढवण्याचा एक फार स्वस्त मार्ग १९२१ साली सापडला होता. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलात अगदी थोडे घातले तरी खटखट थांबते. जगभर ते वापरले जाऊ लागले. पण शिसे हे विष आहे. १९२४ सालीच हे संयुग बनवणारे काही कामगार विषबाधेने मरण पावले. तरीही पुढे अनेक दशके मोटारींच्या धुरातून शिसे शहरांच्या हवेत मिसळत राहिले. त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो तो लहान मुलांच्या मेंदूवर. रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांना त्याचा पत्ताही नव्हता.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याच वेळी नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक परिवर्तक बसवला जाऊ लागला. शिशाने तो निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते २०२१ साली थांबले. आता शुद्धीकरण कारखान्यात रेणूंची रचनाच बदलून, म्हणजे सरळ साखळ्यांच्या जागी फांद्यांचे आणि वलयांचे रेणू तयार करून, ऑक्टेन अंक वाढवला जातो. काही जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर झडपांच्या बैठकींना झिजण्यापासून वाचवत असे. अशा इंजिनांच्या दुरुस्तीच्या वेळी कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणे हाच खरा उपाय.

मग पद्मिनीला काय घालावे?

पद्मिनी रस्त्यावर आली त्या काळात आपल्याकडे ८७ आणि ९३ ऑक्टेनचे पेट्रोल विकले जाई. तिचे साडेसात-आठचे गुणोत्तर त्या काळाला साजेसे होते. २०२० साली लागू झालेल्या बीएस-६ मानकांतही साध्या पेट्रोलचा अंक किमान ९१ होता. याचा अर्थ, आज कोणत्याही पंपावरचे साधे पेट्रोल पद्मिनीच्या गरजेला पुरून उरते. महाग पेट्रोलाने तिची ताकद वाढणार नाही. ज्या मोटारीच्या पुस्तिकेत ९५ किंवा त्याहून जास्त अंकाचे पेट्रोल सांगितले आहे, तिला मात्र तेच घालावे. कमी अंकाचे पेट्रोल घातले तर नव्या मोटारीतील संवेदक खटखट ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो. इंजिन वाचते, पण ताकद कमी होते. पुस्तिकेत लिहिलेला अंक हाच योग्य अंक.

समजा, महाग पेट्रोल लिटरमागे पाच रुपयांनी महाग आहे आणि घरच्या गाडीला महिन्याला ४० लिटर लागते. वर्षाला २,४०० रुपये झाले. तेवढ्या पैशांत जुन्या गाडीचे प्लग, फिल्टर आणि रबरी नळ्या बदलून होतील. थकलेल्या गाडीला खरे टॉनिक ते आहे.

खटखट ऐकू आली तर

साधे पेट्रोल पुरेसे असूनही जुनी गाडी खटखटत असेल, तर कारण बहुधा इंजिनातच असते. मिस्त्रीकडे गेल्यावर या क्रमाने विचारा.

१. ठिणगीची वेळ : ज्योत पसरायला सेकंदाचे एक-दोन हजारांश लागतात, म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी पाडतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा १/५० सेकंदात होतो; म्हणजे एका अंशाला फक्त १/१८,००० सेकंद! डिस्ट्रिब्युटर थोडा सरकला किंवा त्यातले पॉइंट झिजले, की ही वेळ चुकते. ठिणगी फार लवकर पडली तर खटखट होते आणि उशिरा पडली तर गाडी मंदावते व तापते.

२. काजळी : अर्धवट जळलेल्या पेट्रोलाची व तेलाची काजळी दट्ट्याच्या माथ्यावर साठते. तिने जागा व्यापल्यामुळे संपीडन गुणोत्तर नकळत वाढते. शिवाय ती निखाऱ्यासारखी धुमसून ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकते.

३. पाणी आणि रेडिएटर : रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकला, फॅन बेल्ट सैल झाला किंवा पाणी कमी झाले, की इंजिन तापते व खटखट वाढते. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. वाफेने तोंड भाजते.

४. प्लग : काढलेला प्लग मिस्त्रीकडे मागून पाहा. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढरे फटक टोक म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे किंवा इंजिन फार तापते आहे. ओले, तेलकट टोक म्हणजे रिंगा झिजल्यामुळे वंगणाचे तेल वर येत आहे.

५. वंगण : पुस्तिकेत सांगितलेल्या दाटपणाचे तेल वापरावे आणि ते वेळेवर बदलावे. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा बदलणे बरे. तेल काळे दिसते म्हणजे वाईटच झाले असे नाही. काजळी अंगावर घेणे हे त्याचे कामच आहे.

उसाच्या पेट्रोलाचा नवा प्रश्न

जुन्या गाडीच्या मालकाने आज ऑक्टेनपेक्षा जास्त लक्ष द्यावे अशी गोष्ट दुसरीच आहे. आपल्याकडे पेट्रोलात इथेनॉल मिसळतात. हे इथेनॉल ऊस आणि धान्य यांपासून होते. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. २०२२ साली देशात इथेनॉलचे प्रमाण १० टक्के झाले. २० टक्क्यांच्या पेट्रोलाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ साली ते देशभर पसरले. परदेशी तेलावरचा खर्च कमी व्हावा आणि शेतकऱ्याला बाजार मिळावा, हा त्यामागचा हेतू आहे.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराहून जास्त आहे. त्यामुळे मिश्रणाची सहनशक्ती वाढतेच. म्हणजे जुन्या गाडीला महाग पेट्रोल घेण्याचे कारण आणखी कमी होते. पण इतर तीन परिणाम ध्यानात ठेवावे लागतात.

पहिला उष्णतेचा. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर इथेनॉलपासून सुमारे २१. मग ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉलच्या लिटरमध्ये किती? २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८ मेगाज्यूल. घट साधारण ७ टक्के. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातही, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत ६ ते ७ टक्के घटीचा अंदाज दिला आहे. तेव्हा मायलेज थोडे उतरले तर लगेच मिस्त्रीला दोष देऊ नका.

दुसरा हवेच्या प्रमाणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो, तर वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. नव्या गाडीतला ऑक्सिजन संवेदक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरला तसे डोके नसते; त्याच्या जेटचे भोक ठरलेले असते. त्यामुळे मिश्रणात इंधन कमी पडते. गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, मध्येच अडखळते. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटर नव्याने जुळवून घ्यावा.

तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सुरक्षिततेचा आहे. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या नव्हत्या. काही प्रकारचे रबर इथेनॉलमध्ये फुगते, मऊ पडते किंवा काही काळाने तडकते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या तपासून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्या. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ती सुरूच करू नये. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. मुंबईच्या दमट पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका जास्त. तेव्हा टाकी बरीचशी भरलेली ठेवावी आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली तापेपर्यंत चालवावी. महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेले पेट्रोल, असे गृहीत धरू नका. पंपावर विचारून घ्या.

तुम्ही काय कराल?

सायकलच्या पंपाचे टोक बोटाने बंद करून दांडा दहा वेळा भराभर दाबा, मग तितक्याच वेळा अगदी सावकाश दाबा, आणि दोन्ही वेळा नळीच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. फरक का पडतो, याचा वर्गात विचार करा. पेट्रोलावर मात्र स्वतः कोणताही प्रयोग करू नका.

घरी गाडी असेल तर तिचे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र मागून वाचा. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे टक्के लिहिलेले असतात. पद्मिनीच्या काळातल्या कार्ब्युरेटरच्या मोटारींना ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. मागची तीन-चार प्रमाणपत्रे मिळाली तर आकड्यांचा आलेख काढा. आकडा चढत असेल तर कार्ब्युरेटर, प्लग किंवा एअर फिल्टर यांपैकी कोणीतरी लक्ष मागत आहे. पुढच्या वेळी मिस्त्रीकडे जाताना तो आलेख बरोबर न्या आणि गाडीची पुस्तिकाही न्या. पंपावर कोणती नळी लावायची हा प्रश्न त्या पुस्तिकेत एका ओळीत सुटलेला असतो.